मांडीवरची हिरवी कॅप्सूल

"ही गिळायची न्हवं?" आजोबांनी विचारलं. मी व्हिटॅमिन ईची हिरवी कॅप्सूल त्यांच्या मांडीवर चिकटपट्टीने लावत होतो.

मिरजेत एमआरआय टेक्निशियन म्हणून मला 14 वर्षं झाली. गाठीचा पेशंट आला की आधी बोटांनी चाचपून तिची वरची-खालची टोकं शोधायची आणि दोन्हीकडे एकेक कॅप्सूल लावायची. आतलं तेल टी-वन चित्रात, म्हणजे चरबी उजळ दाखवणाऱ्या एमआरआय चित्रात, पांढरंशुभ्र उमटतं, त्यावरून गाठीची टोकं कळतात. पट्टी घट्ट ओढायची नाही, गाठ दबते.

आजोबा जतकडचे. गाठ दीड वर्षाची, मांडीच्या मागे. "चरबीची हाय, दुखत न्हाई," हे त्यांनी तीनदा ऐकवलं. दुखत नाही म्हणजे साधीच, असं काही नसतं. पण टेक्निशियनने तोंड उघडायचं नाही. चेहराही कोरा ठेवायचा. नातेवाईक तोच वाचत असतात.

चरबी दाबणारा सिक्वेन्स, म्हणजे चरबीचा उजळपणा पुसून टाकणारी स्कॅनची पद्धत, लावला की कातडीखालची चरबी काळी पडते. गाठ निव्वळ चरबीची असेल तर तीही काळी होते. आजोबांची झाली नाही. मधला मोठा भाग उजळच राहिला. स्नायूंच्या आत, 9 सेंटिमीटर. 5 च्या वर आणि खोलवर असली की आमच्याकडे सगळेच सावध होतात. किडनीसाठी क्रिएटिनिनचा रिपोर्ट बघून गॅडोलिनियम, म्हणजे चित्र स्पष्ट करणारं शिरेतलं औषध, दिलं. सर्जनना एकच विचारायचं होतं: सायटिक नर्व्ह, म्हणजे मांडीमागून पायात जाणारी मोठी नस, गाठीत अडकलीय का? रेडिओलॉजिस्ट मॅडमनी चित्र मोठं करून दाखवलं, नस आणि गाठ यांच्या मध्ये चरबीची रेघ होती. केसाएवढी, पण होती.

मागे एक बाई आल्या होत्या. कुठल्याशा दवाखान्यात त्यांची गाठ 'साधीच आहे' म्हणून एकही फोटो न काढता कापलेली. आमच्याकडे आल्या तेव्हा आत रक्त आणि सूज. उरलेली गाठ कुठली नि जखम कुठली, कळेना. त्या दिवशी माझा चेहरा कोरा राहिला नसावा. बायोप्सीसुद्धा एमआरआयनंतर करतात ती यासाठीच. शिवाय सुई कुठून घालायची तेही चित्र बघून ठरवावं लागतं, कारण ऑपरेशनमध्ये सुईची वाटही गाठीबरोबर काढून टाकायची असते.

आजोबांना बायोप्सीची तारीख मिळाली, छातीचा सीटीही लिहून दिला. "गाठ मांडीला, फोटो छातीचा?" मुलगा कुरकुरला. अशी गाठ वाईट निघालीच तर आधी फुप्फुसात पसरते, हे मॅडमनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं.

सदरा चढवल्यावर आजोबांनी टेबलावरच्या दोन्ही कॅप्सूल पट्टीसकट उचलून खिशात टाकल्या.

"नातवाला दावतो."