मामांनी हात केला की

परवा दुपारी कर्वे रोडला ट्रॅफिकच्या मामांनी हात केला. मला नाही, माझ्या पुढच्या ॲक्टिवावाल्याला. तरी ब्रेकवर पाय माझाच गेला. बेल्ट लावलेला, मोबाईल खिशात, पीयूसी चालू, इन्शुरन्स भरलेला, सिग्नल तर चांगला हिरवागार, आणि तरीही पोटात तो ओळखीचा खड्डा पडलाच.

चौकात पांढरा शर्ट आणि खाकी पँट दिसली रे दिसली की मी आधी पाठ ताठ करून बसतो, मग गाण्याचा आवाज कमी करतो (गाणं ऐकायला बंदी आहे असं कोणी सांगितलं मला?) आणि जमलं तर एखाद्या पीएमटी बसच्या आडोशानं निघतो. नजरेला नजर द्यायची नाही. पण मुद्दाम दुसरीकडं बघतोय असंही वाटायला नको, म्हणून समोरच्या बोर्डावरचं 'येथे डोसा बॅटर मिळेल' मन लावून वाचायचं. कागद तर आता मोबाईलमध्ये चालतात, केंद्राच्या नियमातच बसवलंय ते, तरी डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये सगळ्याच्या झेरॉक्स आहेतच, कारण डिजिलॉकर उघडायला आणि नेटवर्क जायला एकच मुहूर्त लागतो.

थर्टी फर्स्टच्या नाकाबंदीला तर कहर. आमची मजल सोलकढीच्या पुढं गेलेली नाही, पण ते नळकांडं तोंडासमोर आलं आणि "फुंका" म्हटलं की सकाळी घेतलेल्या होमिओपॅथीच्या गोळ्या आठवतात. शंभर मिली रक्तात तीस मिलिग्रॅमची मर्यादा आहे हे पाठ आहे, तेवढ्यासाठी त्या साबुदाण्याएवढ्या गोळ्या किती बाटल्या खाव्या लागतील याचा हिशोब फुंकता फुंकता चालू.

हे सगळं बाबांच्या चेतकवरून आलंय असा मला दाट संशय आहे. साताऱ्यात पोवई नाक्याजवळ, मी पुढं उभा, हँडलच्या मधे हात धरून, आणि एका हवालदारानं शिट्टी मारली. बाबांनी गाडी कडेला घेतली. घरात ज्यांचा आवाज तीन खोल्यांपलीकडं जायचा ते बाबा एकदम बारीक आवाजात "काय झालं साहेब?" म्हणाले. तो आवाज मी आधी कधी ऐकलाच नव्हता. डिकीतनं दुधाच्या पिशवीत गुंडाळलेली कागदपत्रं निघाली, त्याला ऑइलचे डाग, बाबांची बोटं ती गाठ सोडवतायत, गाठ काही सुटत नाहीये. आणि हवालदार म्हणतात, "राहू द्या ओ, राजवाड्याला चाललोय, सोडता का?"

मग काय, पुढं मी, मधे बाबा, मागं हवालदार अशी आमची वरात. माझ्या कानाशी बाबांचा श्वास, मागनं कडक इस्त्रीचा आणि खोबरेल तेलाचा वास. मोती चौकात आमच्या वाड्यातल्या एका काकूंनी पाहिलं. आम्ही घरी पोचेपर्यंत आईकडं 'तुमच्या ह्यांना धरून नेलं' अशी बातमी जाऊन, दोन बायका धीर द्यायला येऊन बसलेल्या होत्या. पुढं कितीतरी दिवस तो सगळ्यांच्या हसण्याचा विषय होता, बाबा पण हसायचे. पिशवीच्या गाठीबद्दल मात्र कोणी काही बोललं नाही, मीही नाही.

आता कॅमेरे आलेत. ई-चलानचा मेसेज येतो, आपलाच पाठमोरा फोटो येतो, पैसे भरा नि विसरा. त्याची शष्प भीती वाटत नाही बघा. म्हणजे भीती पाचशे रुपयांची नव्हतीच. मागच्या सीटवर पोरं बसलेली असताना खिडकीत वाकून कोणीतरी "काय हो, शिकलेले दिसता" म्हणेल, याची आहे.

मध्यंतरी हायवेला रात्री अडवलं. मला "सर, गाडी जरा बाजूला घ्या." लायसन्स बघितलं, गाडीत टॉर्च मारला, दोन मिनिटं. शेजारी टोमॅटोच्या क्रेटचा टेम्पो होता, त्याला "ए, खाली उतर." तो सांगायच्या आधीच उतरला होता, कागद हातात, टोपी काढून. पहाटेच्या बाजाराला माल पोचायचा असणार, उशीर झाला की भाव गेला, पण तो काही बोलला नाही. केबिनमध्ये एक पोरगं जागं होतं. त्याला काय आवाज ऐकू येत होता देव जाणे. मला "जावा" म्हणाले आणि मी निघालो. लगेच निघालो, साहेबांचा विचार बदलायच्या आत.