सासू देझिरे, सून जोसेफिन

स्वीडनचे राजे कार्ल सोळावे गुस्ताफ. त्यांच्या आधीचे पंधरा कार्ल शोधायला गेलं तर पहिले सहा सापडतच नाहीत, कारण ते कधी झालेच नाहीत. उप्सालाच्या योहानेस माग्नुस या आर्चबिशपने सोळाव्या शतकात स्वीडनचा इतिहास लिहिताना बरेच प्राचीन राजे पदरचे घातले. पुढे एका खऱ्याखुऱ्या राजाने तीच मोजणी धरून स्वतःला नववा कार्ल म्हणवून घेतलं आणि तो आकडा आजतागायत पुढे चालला आहे. मला हे वाचून बरंच वाटलं. वंशावळीच्या वरच्या टोकाला कोणीतरी थोर चिकटवायची हौस सगळीकडे सारखीच. आपल्याकडचे लोक थेट सूर्यचंद्रापर्यंत पोचतात, यांनी सहा कार्लांवर भागवलं.

गंमत म्हणजे सरळ पुरुषांच्या ओळीने पाहिलं तर आजच्या राजांचं त्या जुन्या कार्लांशी, खऱ्या किंवा खोट्या, काहीच नातं लागत नाही. घराण्याचा मूळपुरुष झाँ-बातिस्त बेर्नादोत, जन्म १७६३, फ्रान्सच्या नैर्ऋत्येकडच्या पो गावचा. वडील तिथे वकिली करायचे. पोरगा साधा शिपाई म्हणून फौजेत भरती झाला, राज्यक्रांतीच्या धामधुमीत भराभर वर चढला आणि नेपोलियनचा मार्शल झाला. इकडे स्वीडनचा तेरावा कार्ल म्हातारा आणि निपुत्रिक. एक वारस ठरवला होता, तो १८१०च्या मे महिन्यात घोड्यावरून कोसळून गेला. तेव्हा मर्नर नावाच्या एका तरुण अधिकाऱ्याने वरिष्ठांना न विचारता पॅरिसमध्ये बेर्नादोतला गाठलं आणि आमच्या गादीवर येता का, असं सरळ विचारून टाकलं. या आगाऊपणाबद्दल परतल्यावर त्याला अटक झाली, पण ऑगस्टमध्ये संसदेने निवड केली ती बेर्नादोतचीच. मग राजाने त्याला रीतसर दत्तक घेतलं. बडोद्याच्या गादीसाठी कवळाण्याहून गोपाळला आणलं तेव्हा तो १२ वर्षांचा होता. हा दत्तक मुलगा ४७ वर्षांचा, बायको-मुलगा असलेला, आणि बापाहून जेमतेम १४ वर्षांनी लहान! पुढे २६ वर्षं त्याने राज्य केलं, पण स्वीडिश काही त्याला शेवटपर्यंत आली नाही.

मला या वंशावळीत खरा रस आहे तो त्याच्या बायकोमुळे. देझिरे क्लारी, मार्सेयच्या रेशमाच्या व्यापाऱ्याची मुलगी. तिची बहीण नेपोलियनच्या थोरल्या भावाला दिलेली, आणि खुद्द नेपोलियनशी देझिरेचं लग्न ठरलेलं. मग नेपोलियन पॅरिसला गेला, तिथे त्याला जोसेफिन भेटली, आणि १७९६ मध्ये त्याने तिच्याशी लग्न लावलं. पहिल्या नवऱ्यापासून दोन मुलं असलेली विधवा ती. देझिरेने दोन वर्षांनी बेर्नादोतशी संसार मांडला. तिच्या मुलाचं नाव ऑस्कर.

जोसेफिनला नेपोलियनपासून मूल झालं नाही. गादीला वारस हवा म्हणून त्याने तिला सोडलं आणि ऑस्ट्रियाची राजकन्या आणली. तिला मुलगा झाला खरा, पण तो एकविसाव्या वर्षी गेला आणि ती फांदी तिथेच खुंटली. जोसेफिनचा पहिल्या घरचा मुलगा यूजेन मात्र लेकुरवाळा होता. १८२३ मध्ये देझिरेच्या ऑस्करचं लग्न झालं ते या यूजेनच्या मुलीशी. म्हणजे जिच्यापायी आपलं ठरलेलं लग्न मोडलं, तिचीच नात सून म्हणून घरात आली. आणि नातीचं नावही जोसेफिन! स्वीडनची थंडी सोसेना म्हणून देझिरे तोवर बारा वर्षं पॅरिसलाच राहिली होती. ती परत आली ती या सुनेबरोबरच, एकाच प्रवासात. त्या वाटेवर दोघी काय बोलल्या असतील, या विचाराने मी बराच वेळ घालवला आहे. बोलल्या असतील फ्रेंचमध्येच, एवढं नक्की.

सुनेने आजीचे दागिनेही आणले. त्यातला कॅमिओ (उठावदार कोरलेली छोटी चित्रं) आणि मोत्यांच्या ओळींचा एक मुकुट आजही राजघराण्यात आहे. आताच्या राणी सिल्विया १९७६ मध्ये लग्नात तो ल्यायल्या, त्यांची लेक युवराज्ञी व्हिक्टोरिया २०१० मध्ये. देझिरेच्या वंशातल्या लग्नांत मिरवतो तो जोसेफिनचा मुकुट. मुलींच्या बाजूने धागा धरत गेलं तर स्वीडनच नव्हे, डेन्मार्क, नॉर्वे, बेल्जियम आणि लक्झेंबर्गच्या आजच्या राजघराण्यांतही या दोघी एकत्र भेटतात. ज्याने एकीशी मोडलं आणि दुसरीला टाकलं, त्या नेपोलियनचा मात्र यांतल्या कुठल्याच गादीवर वंश नाही.

पुढची नाती आपल्या नेहमीच्या युरोपी गुंत्याची. इंग्लंडची व्हिक्टोरिया राणी आजच्या राजांची आईकडूनही खापरपणजी आणि वडिलांकडूनही, त्यामुळे त्या पिढीत सोळा जणांच्या जागी चौदाच माणसं. आजोबांची दुसरी बायको माउंटबॅटनची मोठी बहीण, तोच आपला शेवटचा व्हाइसरॉय. हे सगळं वाचताना कागद आडवा धरावा लागतो.

एक गोष्ट मात्र मला पचत नाही. वकिलाचा मुलगा आणि व्यापाऱ्याची मुलगी यांच्यापासून सुरू झालेलं हे घराणं, आणि त्याच १८१०च्या वारसा कायद्यात असं होतं, की राजपुत्राने सामान्य घरातली मुलगी केली तर त्याचा गादीवरचा हक्क गेला. म्हणजे बेर्नादोत राजपुत्र म्हणून जन्मता तर देझिरे त्याला चालली नसती. या कलमाने बऱ्याच जणांना घराबाहेर काढलं. सगळ्यांत जास्त पिळले गेले ते राजांचे चुलते, बेर्टिल. १९४३ मध्ये लंडनमध्ये त्यांची लिलियनशी गाठ पडली. वेल्सच्या स्वान्सी गावची ही बाई, आधीचं एक लग्न झालेली. बेर्टिल यांच्या एका भावाने १९३४ मध्ये आणि दुसऱ्याने १९४६ मध्ये मनाजोगं लग्न करून हक्क सोडला होता. १९४७ मध्ये थोरला भाऊ कोपनहेगनला विमान अपघातात गेला, तेव्हा त्याचा मुलगा नऊ महिन्यांचाही नव्हता. तेच आजचे राजे. पोर जाणतं होईपर्यंत वेळ आलीच तर राज्य सांभाळायला घरात कर्ता पुरुष हवा, म्हणून बेर्टिल थांबले. दोघं एकत्र राहत, पण लग्न नाही.

१९७३ मध्ये पुतण्या गादीवर बसला. जून १९७६ मध्ये त्याने म्युनिक ऑलिंपिकमध्ये भेटलेल्या सिल्वियाशी लग्न केलं. तीही सामान्य घरातलीच, पण राजालाच अडवणार कोण! त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पुतण्याने काकांना परवानगी दिली. काका तेव्हा ६४ वर्षांचे होते आणि काकू ६१.