तुम्ही विचारलंत म्हणून: बाईमाणसाला बंदूक कशाला?

लग्नाच्या पंगतीत विचारतात, बँकेच्या रांगेत विचारतात, परवा तर सोसायटीत खत आणायला गेले तिथंही एकीनं कोपरानं ढोसून विचारलं, "बंदूक अजून ठेवलायसा व्हय?" नवरा गेला, पोरगी सासरी, पोरगा पुण्यात, मग तुला बंदूक कशाला? माझ्या वन्सं तर आडपडदा ठेवतच नाहीत. "बंदूक घेऊन काय करूलालीस गे? विकून टाक की." मी आजवर "रानडुकरं येतात" म्हणून सोडवून घेत आले. आमच्या बेळगाव भागातल्या जांबोटी-कणकुंबीकडच्या माणसाला रानडुकरं समजावून सांगावी लागत नाहीत, त्यामुळं ते उत्तर चालून जातं. पण ते अर्धंच आहे.

आधी एक कबूल करते. मला बंदूक आवडते. पुरुषानं हे म्हटलं की लोक त्याला फौजी बाण्याचा म्हणतात, बाईनं म्हटलं की एकमेकांकडं बघतात. आपल्याच कर्नाटकात कोडगूत कैलपोध सणाला घरोघरी बंदुकीची पूजा होते, नारळावर नेमबाजी होते. तिथल्या कोडव लोकांना त्यासाठी परवानासुद्धा लागत नाही. तिथल्या बाईला कुणी "कशाला" विचारत असेल असं वाटत नाही. आमच्याकडंही खंडेनवमीला कोयत्या-विळ्याशेजारी बंदुकीला हळदकुंकू लागतंच. पूजा मी करायची, तेल मी लावायचं, आणि हात लावला की मात्र "बाईमाणूस".

माझी पहिली बंदूक एनसीसीतली. पॉइंट टू-टू. बेळगावात कॉलेजात असताना कॅम्पला गेलो होतो, तिथं सतरंजीवर पालथं झोपवून उस्तादांनी प्रत्येकीच्या हातात पाच गोळ्या दिल्या. त्या रायफलीला धक्का असा नसतोच, सुक्या काटकीसारखा आवाज होतो आणि संपलं. नेम महत्त्वाचा नाही, असं उस्ताद सांगायचे. पाचही गोळ्या एका ठिकाणी पडल्या पाहिजेत, मग त्या मध्यावर नसल्या तरी चालेल, मध्यावर नंतर आणता येतं. त्याला ग्रुपिंग म्हणतात. माझं ग्रुपिंग चांगलं आलं होतं. कागद घरी नेऊन दाखवला तेव्हा आई म्हणाली, हे सासरी कुठं बोलू नको.

सासरी आले तर तिथं मामंजींची ठासणीची बंदूक भिंतीला टांगलेली. पिकाच्या राखणीचा परवाना होता त्यांचा. नळीत दारू घालायची, वर चिंध्या, मग छर्रे, पुन्हा चिंध्या, गजानं ठासायचं, केप बसवायची. इतकं होईपर्यंत डुक्कर अर्धा वाफा खाऊन शेजारच्या रानात गेलेलं असायचं. पावसात दारू सर्दावली की तर नुसतं फुस्स. तरी मामंजींना ती बंदूक म्हणजे जीव की प्राण. चिंध्यांसाठी एकदा त्यांनी माझं लग्नातलं जुनं पोलकं फाडलं, आणि सासूबाईंनी त्यावरून जो दंगा केला त्याच्यापुढं बंदुकीचा बार काहीच नव्हता. रात्री माळ्यावर मी मामंजींना चहा घेऊन जायची आणि गज धरायला मिळायचा म्हणून मुद्दाम रेंगाळायची. ते ओळखून होते. बोलले कधी नाहीत.

आमचे हे मराठा लाइट इन्फन्ट्रीत. ट्रेनिंग बेळगावच्याच सेंटरला झालं. त्यांची लाडकी रायफल एसएलआर. मी ती हातात कधी धरलेली नाही, तरी तिची माहिती मला माझ्या माहेरच्या माणसांइतकी आहे. 7.62 ची, 20 गोळ्यांचं मॅगझिन, खांद्यात अशी लाथ मारते की नवा रिक्रूट रात्री कुशीवर झोपत नाही. पुढं इन्सास आली. ती 5.56 ची, हलकी. कारगिलच्या थंडीत तिची प्लॅस्टिकची मॅगझिन तडकत असल्याच्या तक्रारी पेपरात आल्या तेव्हा ह्यांना इतका आनंद झाला की जणू सवतीची खोड निघाली. आपल्या एसएलआरचा बट नंबर, म्हणजे दस्त्यावरचा नंबर, ते कधीही सांगू शकायचे. लग्नाची तारीख विचारली की माझ्याकडं बघायचे.

त्यांची एक ठरलेली गोष्ट होती, ती इथं लागणार आहे म्हणून सांगते. फायरिंग रेंजवर जितक्या गोळ्या दिल्या तितकी खोखी, म्हणजे रिकामी काडतुसं, मोजून परत द्यायची असतात. एकदा एक खोखं कमी भरलं. सगळी प्लाटून अंधार पडेपर्यंत गवतात रांगत होती. शेवटी सापडलं एका पोराच्या दुमडलेल्या बाहीत. मग त्या पोराचा जो रगडा निघाला तो हे उभं राहून करून दाखवायचे. पोरं हसून लोळायची.

फौजेतून आल्यावर ह्यांनी एकनळी बारा बोर घेतली, कारण बँकेबाहेर गार्डची नोकरी स्वतःची बंदूक आणि परवाना असलेल्या माजी सैनिकालाच मिळत होती. काही वर्षं केली. पुढं ठेका बदलला आणि नव्या ठेकेदारानं जुनी माणसं काढली. तेव्हापासून पूर्णवेळ शेती. दर रविवारी सकाळी ओट्यावर पोतं अंथरून नळी मोडायची, म्हणजे बिजागरीवर वाकवून उघडायची, चिंदी ओढायची, उजेडाकडं धरून आत बघायचं, तेलाचा हात फिरवायचा. बार काढले ते सगळे आभाळाकडं. ठरवून. एक तर डुक्कर असो की गवा, परवानगीशिवाय मारणं गुन्हा, आणि 2011 पासून भीमगड अभयारण्य झालेलं, त्याची हद्द आमच्यापासून लांब नाही. दुसरं म्हणजे ह्यांना मारायचंच नव्हतं. फटाके, डबे, पाइपात कार्बाइड घालून काढलेला आवाज, सगळं आम्ही केलंय. डुकरं दोन-चार दिवस बुजतात, मग सरावतात. बंदुकीलाही सरावतात, खोटं कशाला बोलू. थोडी उशिरा, इतकंच.

आता मी जे कुणाला सांगितलेलं नाही ते.

2019 चा ऑगस्ट आमच्या भागात कुणी विसरलेलं नाही. मलप्रभा नदी शेतात आली. लावणीचं भात पाण्याखाली कुजलं, मागची मातीची भिंत बसली, सोसायटीचं कर्ज डोक्यावर आणि पोरीचं लग्न ठरलेलं. हे बोलायचे थांबले. भांडले असते तर बरं झालं असतं. जेवायला वाढलं की जेवायचे, उठायचे, दारात बसायचे. रविवारची बंदूक पुसणं बंद झालं. हे मला सगळ्यात आधी खटकलं, कर्जाच्या नोटिशीपेक्षाही.

एका रात्री जाग आली तर बाजूला हे नाहीत. माजघरात दिवा नव्हता. हे भिंतीला टेकून बसलेले आणि बंदूक मांडीवर आडवी. पोतं नाही, तेलाची बाटली नाही, चिंदी नाही. मी विचारलं, काय करताय? म्हणाले, झोप येईना. मी शेजारी बसले. दोघंही काही बोललो नाही. पहाटे कोंबडं आरवल्यावर त्यांनी उठून बंदूक खुंटीला लावली आणि गोठ्यात गेले.

ते गोठ्यात असतानाच मी ट्रंक उघडली. खडकीच्या कारखान्यातल्या शक्तिमान काडतुसांचा डबा काढला, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळला आणि कणगीत भातात हात कोपरापर्यंत घालून खाली पुरला. हात थरथरत होता की नाही आठवत नाही. इतकं आठवतं की भाताचं कूस मनगटाला टोचत होतं आणि मी देवाला नाही, ह्यांनाच मनातल्या मनात सांगत होते, माफ करा.

मग थोरल्या भाऊजींना खरं ते सांगितलं, जितकं सांगवलं तितकं, आणि आम्ही दोघांनी मिळून ह्यांना बेळगावला मेंदूच्या, मनाच्या आजाराच्या डॉक्टरकडं नेलं. जायला तयार नव्हते. पोटाच्या डॉक्टरकडं जातोय असं भाऊजींनी सांगितलं, दारावरची पाटी ह्यांनी वाचली, आणि तरी आत गेले. गोळ्या सुरू झाल्या.

खंडेनवमीला ट्रंक उघडली गेली, कारण काडतुसांच्या डब्यालाही हळदकुंकू लागायचं आमच्यात. डबा नव्हता. ह्यांनी ट्रंकेत बघितलं, माझ्याकडं बघितलं, ट्रंक लावली. म्हणाले, फुलं आण.

पाण्यातून वाचलेलं वरच्या वाफ्यातलं भात पिवळं पडायला लागलं आणि डुकरं आली. रात्री हे उठले, बंदूक काढली, दारात उभे राहिले आणि माझ्यापुढं हात पसरला. "दोन दे."

देऊ की नको? गोळ्यांनी फरक पडला होता, बोलायला लागले होते, पण मला काय खात्री? आणि नाही दिली तर आयुष्यभर शस्त्र सांभाळलेल्या माणसाला मी तोंडावर काय सांगत होते? मी कणगीत हात घातला. एक दिलं. आणि पायात चप्पल घालून सोबत निघाले. बांधावर उभं राहून त्यांनी आभाळाकडं बार काढला, नळी मोडली आणि गरम खोखं माझ्या तळहातावर ठेवलं. "मोजून घ्या, कोत एनसीओ साहेब. एक दिलंत, एक परत."

कोत म्हणजे त्यांच्यात हत्यारांची खोली. तिथल्या एनसीओच्या, म्हणजे हवालदार-नाईकाच्या, वहीत नोंद झाल्याशिवाय रायफल बाहेर जात नाही. त्या रात्रीपासून ते गेले तोवर हाच शिरस्ता. मागायचे, मी मोजून द्यायची, बरोबर जायची, खोखं परत घ्यायची. डबा कुठं असतो हे त्यांनी विचारलं नाही. मी जागा बदलत राहिले.

तुम्ही म्हणाल, तेव्हाच बंदूक घराबाहेर का नाही काढली? ठाण्यात जमा करता आली असती, परवाना असलेल्या दुकानात ठेवता आली असती. दुसऱ्या गावची कुणी बाई आज माझ्याकडं असलं घरचं घेऊन आली तर मी तिला हेच सांगेन, बाई, आजच्या आज बाहेर काढ, काडतुसं लपवण्यावर भागवू नकोस. मग मी तसं का केलं नाही? तेव्हाची मी म्हणते, बंदूक नेली असती तर माणूस आणखी खचला असता. आताची मी तिला विचारते, त्यात तुझी स्वतःची आवड किती होती गे? खुंटी मोकळी बघवली नसती म्हणून नाही ना? ती उत्तर देत नाही. चुकले असं मला वाटत नाही. बरोबर होते असं शपथेवर सांगायला मात्र कुणी बोलवू नये. आणि ते "साहेब" म्हणणं चेष्टेतलं होतं की लागलं होतं त्यांना, हेही मला कळलेलं नाही. हसून म्हणाले होते, पण हे दुखत असतानाही हसायचे.

2022 ला हे गेले, हृदयाच्या झटक्यानं, दुपारी, जेवून उठताना. दिवस संपले नाहीत तोच बंदूक ठाण्यात जमा करावी लागली. वारस म्हणून परवाना मिळतो, नियमात आहे, पण त्यासाठी किती खेटे घालायला लागतात ते ज्यानं घातलेत त्यालाच ठाऊक. अर्ज कन्नडमध्ये. मला कन्नड बोलता येतं, लिहिताना दमछाक होते. टेबलापलीकडच्या साहेबांनी विचारलं, "यजमानरु एल्लि?", नवरा कुठाय? म्हटलं, तीरिकोंडरु, वारले. मग बंदुकीकडं बोट करून, "बरत्ता?", येते का चालवायला? मी उत्तर दिलं नाही. नळी मोडली, रिकामी असल्याचं उजेडाकडं धरून त्यांना दाखवलं, मिटवली, तोंड जमिनीकडं करून टेबलावर ठेवली. एनसीसीचं बी सर्टिफिकेट सोबत नेलं होतं, ते कुणी बघितलंसुद्धा नाही. बंदूक परत मिळाली तेव्हा नळीवर गंज होता. तो काढायला मला किती रविवार लागले ते सांगत नाही, वन्सं म्हणतील तेवढ्यात दोन रानं भांगलून झाली असती.

तर वन्सं, आणि बाकीच्यांनो, बंदूक विकायची नाही. निवडणूक आली की जमा करते, संपली की आणते. डुकरं आली की बांधावर जाते, बार काढते, खोखं कमरेला खोवते. भीती वाटत नाही का? वाटते की. डुकरांची नाही.

मागच्या महिन्यात पोराचा पुण्याहून फोन आला. नोकरीचं काही बिनसलंय, आवाज बसलेला. चार दिवस घरी येतो म्हणाला. बोलता बोलता मध्येच विचारलं, "आई, काडतुसं कुठं ठेवतेस गं?" सहज विचारलं असेल. मी म्हटलं, तुला काय करायचंय? तो चिडला, माझ्यावर विश्वास नाही का म्हणाला, फोन ठेवला. मग आला, राहिला, दोन रात्री माझ्याबरोबर बांधावर आला. त्याला डॉक्टरचा नंबर दिलाय. जागा सांगितलेली नाही.