आमची वाटचाल : जपानी गाडी उजव्या बाजूने सरळ चालवताना

टोरांटोजवळच्या आमच्या वर्कशॉपमध्ये बहुतेक काम जपानहून आलेल्या जुन्या गाड्यांचं. कॅनडात 15 वर्षं झालेली गाडी जपानहून आणता येते (शेजारी अमेरिकेत 25 वर्षं थांबावं लागतं). त्यामुळे उजव्या स्टिअरिंगच्या हायलक्स सर्फ, प्राडो, स्कायलाइन आणि सुझुकी कॅरीसारखे 660 सीसीचे केई ट्रक (जपानमधल्या सगळ्यात छोट्या वर्गातले) इकडे बरेच फिरतात. गिऱ्हाइकाची तक्रार ठरलेली: हात सैल सोडला की गाडी उजवीकडे ओढते.

सुरुवातीला आम्ही चाकांचे कोन मोजणाऱ्या मशीनवरचे सगळे आकडे हिरवे, म्हणजे ठरलेल्या मर्यादेत, करून गाडी द्यायचो आणि गाडी परत यायची. आकडे बरोबर होते, पण ते सपाट फरशीवरचे. रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता असतो, उतार साधारण 2 टक्के, म्हणजे मीटरला 2 सेंटिमीटर. जपानमध्ये आपल्या भारतासारखीच वाहतूक डावीकडून, त्यामुळे गाडीखालचा उतार डावीकडे आणि ड्रायव्हर उजवीकडे, म्हणजे उंच बाजूला. दोघं एकमेकांना थोडंफार सावरतात. इथे तीच गाडी उजव्या कडेने जाते: उतारही उजवीकडे, ड्रायव्हरही उजवीकडे. केई ट्रकचं वजनच सातशे किलोच्या आसपास, तिथे 75 किलोचा माणूस बसला की ती बाजू डोळ्यांना दिसेल इतकी दबते. म्हणून माप घेताना ड्रायव्हरच्या सीटवर वाळूच्या पिशव्या ठेवतो. रिकाम्या गाडीचं अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) आम्ही करतच नाही.

पाना हातात घेण्याआधी दुसरी कारणं बाद करावी लागतात. हवा थंड टायरमध्ये मोजायची. पुढची दोन टायर डावी-उजवी बदलायची; ओढ बाजू बदलली तर दोष टायरचा, अँगलचा नाही. (दिशेची खूण असलेल्या टायरला ही अदलाबदल चालत नाही, तिथे दुसरा सेट लावून बघतो.) पुढची चाकं उचलून इंजिन चालू करायचं, स्टिअरिंग आपोआप फिरलं तर पॉवर स्टिअरिंगचा व्हॉल्व्ह बघायचा. शेवटी चाक हाताने फिरवून ब्रेक धरतोय का ते. ‘उलट्या बाजूचं सेटिंग करा’ म्हणून आलेल्या कितीतरी गाड्या इथेच मोकळ्या होतात.

उरलेल्यांत कास्टर आणि कॅम्बर. चाक ज्या आसाभोवती वळतं तो बाजूने बघताना मागे किती कललाय, तो कास्टर. समोरून बघताना चाक किती कललंय, तो कॅम्बर: वरचं टोक बाहेर तर धन, आत तर ऋण. ज्या चाकाचा कास्टर कमी, त्या बाजूला गाडी ओढते. ज्याचा कॅम्बर जास्त धन, त्याही बाजूला. इथला उतार गाडीला उजवीकडे नेतो, म्हणून तिला किंचित डावी ओढ द्यायची. आम्ही उजवा कास्टर डाव्यापेक्षा 0.3 ते 0.5 अंश जास्त ठेवतो. एवढ्यावर भागलं नाही तरच डावा कॅम्बर 0.2 अंशाने धन बाजूला नेतो, कारण कॅम्बरचा फरक टायरच्या कडा खातो. जपानी रस्त्यासाठी कुणी आधीच डावा कास्टर जास्त ठेवला असेल, तर पहिल्यांदा तो फरक शून्यावर आणायचा. अर्ध्या अंशाच्या पुढे मात्र जात नाही. सपाट रस्त्यावर गाडी समोरच्या लेनकडे झुकायला लागते, आणि ते जास्त वाईट.

सर्फ आणि प्राडोला चाक धरणाऱ्या खालच्या आर्मवर पुढे-मागे दोन कॅम बोल्ट (फिरवले की आर्म आत-बाहेर सरकवणारे) असतात. पुढचा आत आणि मागचा बाहेर सरकवला की खालचा बॉल जॉइंट (आर्म आणि चाकाचा सांधा) पुढे जातो आणि कास्टर वाढतो. दोन्ही सारखे बाहेर नेले तर कॅम्बर ऋण होतो. कागदावर सोपं आहे. प्रत्यक्षात गाडी उत्तर जपानमधल्या होक्काइदोच्या बर्फातली असेल तर बोल्ट बुशच्या (आर्मच्या सांध्यातल्या रबरी तुकड्याच्या) आतल्या नळीला गंजून एकजीव झालेला असतो. नट सुटतो, कॅम हलत नाही. जोर लावला की बुशचं रबर पिळतं, मशीनवर आकडा बदललेला दिसतो आणि पाना सोडला की परत जागेवर. गॅसने तापवायला गेलं तर रबर जळतं. म्हणून आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारतो. तरी नाही हलला तर करवतीने बोल्ट दोन्हीकडून कापून नवा बोल्ट, नवा कॅम, नवं बुश. याचा खर्च मालकाला आधीच सांगितलेला बरा.

मॅकफर्सन स्ट्रटच्या (शॉक अब्सॉर्बरच चाकाला वरून धरतो अशा) केई ट्रकला कारखान्यातून फक्त टो, म्हणजे वरून बघताना चाकांची पुढची टोकं किती आत-बाहेर आहेत ते, बदलता येतो. तिथे स्ट्रट आणि नकल (चाकाला धरून वळणारा भाग) जोडणाऱ्या दोन बोल्टपैकी एकाच्या जागी कॅम्बर बोल्ट टाकतो. स्कायलाइनलाही पुढे मूळचा टोच. कास्टर हवा असेल तर बदलत्या लांबीचा टेन्शन रॉड (खालच्या आर्मला पुढे-मागे धरणारी दांडी) घ्यावा लागतो.

टो नेहमी शेवटी, कारण कास्टर हलला की टो बिघडतो. स्टिअरिंग मधोमध बांधून दोन्ही टाय रॉड (स्टिअरिंगपासून चाकांकडे जाणाऱ्या दांड्या) दोन्ही चाकांचा टो सारखा येईपर्यंत फिरवायचे. स्टिअरिंग काढून सरळ बसवणं ही चलाखी आमच्याकडे चालत नाही. बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच पक्के आवळतो. हवेत लटकत्या आर्मवर आवळले तर बुश कायम पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं.

हेडलाइट हे वेगळंच प्रकरण. जपानी दिव्याची डिपर डावीकडे वर चढते, म्हणजे इथे थेट समोरच्याच्या डोळ्यांत. दिवा खाली वळवून हे सुटत नाही, दिवाच बदलावा लागतो. हिवाळी टायर चढवल्यावर ओढ परत आली असं वाटलं, तर गाडी आमच्याकडे आणण्याआधी पुढची टायर डावी-उजवी करून बघावीत.