गळ्याची पट्टी आणि बाहीचा मुंढा

जळगावात मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर गेला की अंगाला सुतीच कापड सहन होतं. म्हणून मी शिवते ते सगळं कॉटनचं. फुले मार्केटमधून कापड आणलं की आधी रात्रभर पाण्यात भिजवायचं, सावलीत वाळवायचं, इस्त्री करायची आणि मगच कात्री. नवं सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं.

मी सगळ्यात जास्त रमते ती गळ्याला पट्टी लावताना. पट्टी उभ्या धाग्याला 45 अंशांत तिरकी कापायची. तिरकं कापड ताणलं जातं, म्हणून गोल गळ्यावर सुरकुती न पडता वळतं. टीप मारली की आतल्या दाबाला, म्हणजे टिपेबाहेर उरलेल्या कापडाच्या कडेला, जवळजवळ बारीक कट द्यायचे, टिपेला धक्का न लावता. मग पट्टी आत दुमडून हाताने तुरपाई. हे काम मशीनवर उरकणं मला पटत नाही. समोरून एकही टाका दिसत नाही तेव्हा काय छान वाटतं!

मशीनला सुई कापड बघून लावायची: मलमलला 11 नंबरची, जाड कॉटनला 14.

सध्या बाहीवर मेहनत चालू आहे. मुंढा, म्हणजे बाही जोडायचा खांद्याखालचा गोल काप, पुढून मागच्यापेक्षा जरा खोल कापावा लागतो, नाहीतर हात पुढे घेताना कापड गोळा होतं. परवा धुळ्याच्या मावशी आल्या होत्या. त्यांनी माझी कुर्ती उलटी करून आतली शिलाई बघितली आणि म्हणाल्या, "माले बी एक शिवी दे व!" म्हणजे मलाही एक शिवून दे गं. माप घेतलंय. त्या पाठीत जरा वाकलेल्या आहेत, म्हणून मागची उंची थोडी वाढवणार आहे.