शेवटी जीप घेतलीच!

गगनबावड्याला एका काजूवाल्याच्या शेडमध्ये ती उभी होती. १९९१ ची महिंद्रा एमएम ५४०, एमएच ०९ पासिंग, हुडावर कोंबड्यांची शीट. मालक म्हणाला, "एका हाफमध्ये स्टार्ट होत्या बघा." झाली पण. मी बॉनेटला हात लावला, तर ते आधीच गरम! हे डिझेल इंजिन थंडच तपासायचं, कारण गरम इंजिन कुणाचंही सुरू होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला न सांगता गेलो. सोबत कोल्हापूरच्या उद्यमनगरातले आमचे मेस्त्री. आत प्यूजो या फ्रेंच कंपनीचं एक्सडीपी ४.९० इंजिन, २११२ सीसी. मेस्त्रींचं म्हणणं, ४ म्हणजे सिलिंडर आणि ९० म्हणजे बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, मिलिमीटरमध्ये. जुन्या पद्धतीचं डिझेल, आतले हीटर (ग्लो प्लग) तापल्याशिवाय गारठ्यात दाद देत नाही. तिनं खोकत खोकत पांढरा धूर काढला, पण मिनिटभरात निवळला. मेस्त्रींनी ऑइलचं झाकण उघडून वर तळवा धरला; तिथून जोरात हवा आली तर इंजिन आतून झिजलेलं. "फुंकत न्हाई. घ्या."

खरी भानगड रबरी मॅटखाली होती. गगनबावड्याचा पाऊस तो! ड्रायव्हरच्या पायाखालून सरळ जमीन दिसत होती. चॅसी, म्हणजे खालचा सांगाडा, मात्र शाबूत, नंबरही कागदाशी जुळला. पंधरा वर्षं झाल्यावर दर पाच वर्षांनी पासिंग; ते पुढच्याच वर्षी आहे, म्हणून किंमत आणखी पाडली.

येताना कळेजवळ चहाला थांबलो. घरी अण्णांनी फेरी मारून एकच विचारलं, "ह्याला दारं कुठायत रे?"