चौदाव्या रांगेतलं 'वा'

थंडीत सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिरात गाण्याचा कार्यक्रम होता. मी चौदाव्या रांगेत. बडा ख्याल सुरू झाला आणि पुढच्या रांगेतल्या गृहस्थांनी मोबाइल उंच धरला. त्यानंतरची पंधरा-वीस मिनिटं मी गायिकेला त्यांच्या मोबाइलमध्ये बघितलं. ती समोरच होती. पण अंधारात उजळलेली चौकट दिसली की डोळे तिकडेच जातात, त्याला इलाज नाही. स्टेजवर अख्खी गायिका बसलेली, आणि मी बघतेय काडेपेटीवरच्या चित्राएवढी. बरं, बघून गप्प बसावं, तर मनातल्या मनात त्यांना सूचनाही चालल्या होत्या. अहो, आता तबल्याकडे घ्या. तंबोऱ्यावरच्या त्या पोरीला घ्या, बिचारी एकदाही दिसली नाही. झूम नको, हात हलतोय तुमचा. मध्येच गायिका गेली आणि तिच्या जागी 'गॅसवाला' असं नाव उजळलं. त्यांनी फोन कापला, गायिका परत आली. तिकडे ती एकदाही कुठे गेली नव्हती.

घरी येताना रिक्षात माझ्या लक्षात आलं, की मला राग त्यांनी शूटिंग केल्याचा आला नव्हता, वाईट केल्याचा आला होता.

कारण शूटिंग केलेलं गाणं हा माझा जुना नाद आहे. सोलापुरात राहून गाण्याची आवड असणाऱ्याला तो लागतोच. मोठ्या मैफली पुण्यात. सवाई गंधर्वला जायचं म्हणजे रजा टाका, भल्या पहाटे हुतात्मा एक्स्प्रेस पकडा, आणि पुण्यातल्या नातेवाइकांकडे 'सहज आले' असं तोंड करून उतरा. दरवर्षी कुठलं जमतंय. त्यामुळे गाणं आमच्याकडे आलं ते बहुतेक डब्यातून. आधी रेडिओच्या, मग टीव्हीच्या.

मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झालं, पण आमच्या घरी टीव्ही आला तेव्हा मी कॉलेजात होते. शास्त्रीय संगीत लागलं की घरातले बाकीचे जेवायला उठत. स्टुडिओत पांढऱ्या चादरीवर गवई बसलेले, मागे कुठल्याशा महालाची थर्मोकोलची कमान, बाजूला एक कुंडी. कॅमेरा समोरून गवई दाखवायचा, मग बाजूनं गवई दाखवायचा, मग कंटाळून कुंडी दाखवायचा. पण सगळ्यात विचित्र म्हणजे समोर माणूसच नाही. अवघड तान घेऊन समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर आले, की गवई सवयीनं मान वर करून समोर बघायचे. समोर कॅमेरा. आता 'वा' म्हणणार कोण? तेवढी जबाबदारी एकट्या तबलजीवर. तो वाजवता वाजवता पाचशे माणसांच्या वाटची मान हलवायचा. मोठमोठी माणसं त्या चादरीवर तोंडी परीक्षेला बसल्यासारखी दिसायची. रेडिओवर हे कळत नव्हतं. ऐकणारे नसले की गाणं कसं दिसतं, ते टीव्हीनं दाखवलं.

आता घरात मोठा टीव्ही आहे, त्याला इंटरनेट आहे, आणि यजमानांनी जपलेले लाकडी खोक्यातले दोन जुने स्पीकर आहेत. आणि अण्णा आहेत.

अण्णा शेजारचे. पूर्व भागातल्या चादरीच्या कारखान्यात त्यांची चाळीस वर्षं यंत्रमागावर गेली. घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि संतापले की कानडी. नात माझ्या वर्गात होती, म्हणून मी अजून 'बाई'. मागाच्या खटखटीत त्यांचा डावा कान गेलाय आणि उजवा अर्धा उरलाय. संध्याकाळी त्यांच्या घरी सुनेच्या मालिका सुरू झाल्या, की ते आमच्याकडे येतात, स्पीकरला लागून खुर्ची ओढतात, खोक्यावर तळवा ठेवतात आणि टीव्हीकडे बघत बसतात. चालू माग बिघडायला आला, की तो आवाजाच्या आधी हाताला कळतो, असं त्यांचं म्हणणं.

"अण्णा, ऐकू येतंय का? आवाज वाढवू?"

"ऐकायचं कुठं वो बाई. मी बगतो की."

आणि बघतात कसे! एकदा सारंगीची साथ असलेलं जुनं रेकॉर्डिंग लागलं होतं. कॅमेरा सारंगियाच्या डाव्या हातावर गेला, तसे अण्णा खुर्चीतून पुढे झाले. "बोटानं नाही दाबत ह्यो. नखाच्या मुळाशी धरतोय तार, बगा." मी थांबवून, मागे नेऊन बघितलं. खरंच, बोटाच्या टोकानं नाही. नख जिथून उगवतं तिथल्या कातडीनं तार अडवायची आणि घासत न्यायची. तिथं घट्टे पडलेले स्वच्छ दिसत होते. तीस वर्षं सारंगी ऐकतेय, हे माझ्या गावीही नव्हतं. चौदाव्या रांगेतून कळणारही नव्हतं. जे अर्ध्या कानाच्या माणसाला दिसलं, ते दोन कान शाबूत असलेल्या मला दिसलं नाही.

तेव्हापासून मी अण्णांसाठी म्हणून काहीबाही शोधून लावते. (यजमानांच्या मते अण्णा हे निमित्त आहे.) त्यात एकदा १९६७ च्या जूनमधला माँटेरीचा महोत्सव लावला. अमेरिकेत, कॅलिफोर्नियात तीन दिवस पॉप आणि रॉकवाले जमले होते आणि पेनेबेकर नावाच्या दिग्दर्शकानं त्याचा चित्रपट केला. खांद्यावर घेऊन हिंडता येईल आणि जोडीनं आवाजही टिपता येईल, असे कॅमेरे तेव्हा नव्यानं हाताशी आले होते. त्यामुळे हा कॅमेरा आमच्या कुंडीवाल्यासारखा एका जागी बसत नाही, गर्दीत घुसतो. बाकीच्यांना एखाददुसरं गाणं आणि शेवटची अठराएक मिनिटं एकट्या रविशंकरांना. तबल्याच्या साथीला अल्लारखाँ.

पण गंमत पुढे आहे. सतार सुरू होते आणि सतार वाजवणारा दिसतच नाही. बराच वेळ दिसत नाही. कॅमेरा आपला माणसं बघत हिंडतोय. कुणी गवतावर झोपलंय, कुणी केसांत फुलं माळलीत, कुणी डोळे मिटलेत. दुसरा एखादा असता तर सतारियाचं नाव आधी पडद्यावर झळकवून मोकळा झाला असता. हा आधी ऐकणारे दाखवतो. आणि त्या गर्दीत, मान पुढे काढून ऐकत बसलेला रॉकवाला गिटारिया जिमी हेंड्रिक्स.

हा तोच, ज्यानं त्याच दिवशी रात्री स्टेजवर आपली गिटार पेटवली. चित्रपटात ते आधी येऊन जातं. अण्णा ते बघून हादरलेच.

"जाळली? सोताची?"

"हो."

"खंडेनवमीला आमी मागाला फूल वाहतो, नारळ फोडतो. हे काय!"

रविशंकरांनाही ते अजिबात रुचलं नव्हतं, हे मी सांगितल्यावर त्यांना जरा बरं वाटलं. पुढे जुगलबंदी चढत गेली, अल्लारखाँचे हात दिसेनासे झाले, आणि अण्णांचा तळवा स्पीकरवर इतका घट्ट बसला की मला वाटलं, आता खोकं उचलतात. शेवटी गर्दी उठून उभी राहते आणि टाळ्या थांबत नाहीत. अण्णा एवढंच म्हणाले, "ऐकणारी माणसं चांगली हायत."

चार वर्षांनी, १ ऑगस्ट १९७१ ला, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशातल्या निर्वासितांसाठी कार्यक्रम झाला. 'बीटल्स'मधल्या जॉर्ज हॅरिसननं आणि रविशंकरांनी मिळून उभा केलेला. त्याचाही चित्रपट निघाला. सुरुवातीला रविशंकर, सरोदवाले अली अकबर खाँ आणि अल्लारखाँ वाद्यं सुरात लावतात, आणि ते लावणं थांबल्याबरोबर लोक टाळ्यांचा कडकडाट करतात. रविशंकर हसून आभार मानतात आणि म्हणतात, सुरात लावणंच एवढं आवडलं असेल तर वाजवणं आणखी आवडेल अशी आशा आहे. हा किस्सा मी आजवर लोकांना हसवायला सांगत आले. अण्णांनाही त्याच हिशेबानं दाखवला. ते हसले नाहीत.

"बरोबर हाय की. ताणा लावला म्हंजे अर्धं काम झालं."

मग त्यांनी मला ताणा समजावला. उभे शेकडो धागे, सगळ्यांचा ताण सारखा पाहिजे. एक जरी ढिला राहिला तरी तिथं चादर बोलते. आडवा धागा नेणारा धोटा काय, मग पळतोच. नवशिक्याला वाटतं, माग सुरू झाला की काम सुरू झालं. ते बोलत होते आणि मी थांबवलेल्या चित्राकडे बघत होते. रविशंकरांचा हात सतारीच्या खुंटीवर होता. खालच्या तरफेच्या तारा कुणी छेडत नाही, वरची वाजली की त्या आपसूक गुणगुणतात. पण तेवढ्यासाठी त्यांतली एकेक आधी सुरात बसवावी लागते. न्यूयॉर्ककर आपल्याला वाटतात तेवढे अडाणी नसावेत, असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. अर्थात अडाणीही असतील. किस्सा मी अजून सांगते.

गाण्याबरोबर ऐकणारेही दिसायला हवेत, या माझ्या मताला छेद देणारा चित्रपटही आहे, तोही बघितला. 'टॉकिंग हेड्स' या बँडचा, जोनाथन डेमीनं १९८३ च्या डिसेंबरात हॉलिवूडच्या एका थिएटरात चित्रित केलेला. गायक एकटा गिटार आणि टेपरेकॉर्डर घेऊन येतो, मग एकेक साथीदार वाढत जातो. ऐकणारे मात्र जवळजवळ शेवटापर्यंत दाखवलेले नाहीत. म्हणजे दाद कशी द्यायची, हे आपल्याला कुणी शिकवत नाही. खुर्चीत बसलेले आपणच काय ते श्रोते. पटतं. हल्लीच्या क्रेनवाल्यांपेक्षा तर शंभर पटीनं बरं. तान अर्ध्यात असताना यांचा कॅमेरा छताला जाऊन दिवे मोजतो, खाली येतो तोवर सम गेलेली असते.

शूटिंगची एक वेगळीच फजिती लॉस एंजलिसची आहे. १९७२ च्या जानेवारीत अरीथा फ्रँकलिन ही अमेरिकेतली नावाजलेली गायिका तिथल्या एका चर्चमध्ये दोन रात्री गायली. सिडनी पोलॅक हा कसलेला दिग्दर्शक, चार-पाच कॅमेरे, तासन्‌तास चित्रण. पण क्लॅपच दिली नाही! शॉटच्या आधी ती काळी-पांढरी पाटी 'ठक्' करतात ना, ती. पाटी मिटलेली दिसते कुठे आणि 'ठक्' ऐकू येतं कुठे, हे जुळवून चित्रावर आवाज बसवतात. ती एक टाळी नाही म्हणून तासांच्या तास चित्रण एकीकडे आणि आवाज दुसरीकडे. रेकॉर्ड त्याच वर्षी निघाली आणि तुफान खपली, चित्रपट डब्यात. पुढे संगणकानं जुळवाजुळव झाली, तर अरीथा स्वतःच कोर्टात गेली. शेवटी लोकांना तो दिसला २०१८ मध्ये, ती गेल्यावर.

हे वाचलं तेव्हा मला आमची आत्या आठवली. दत्तजयंतीला आमच्याकडे तिच्या भजनी मंडळाचा कार्यक्रम होता, त्याची व्हिडिओ कॅसेट आहे. म्हणजे होती. नंतर एका दुकानातून ती सीडीवर उतरवून घेतली आणि त्यात आवाज पुढे सरकला. टाळ आधी वाजतो आणि आत्या तो मग वाजवते. शिवाय शूटिंगवाल्या पोराला गाण्यात काडीचा रस नव्हता. आत्यानं अभंग उचलला की कॅमेरा निघालाच. चपलांचा ढीग, खिडकीतून डोकावणारी पोरं, सुंठवड्याचं पातेलं, दाराला टेकून उभी असलेली आणि टाळीत चुकणारी आई. आत्या अख्ख्या सीडीत मिळून मिनिटभर दिसते. मी इतकी वर्षं त्या पोराला शिव्या घालत आले. आता घालत नाही. आईला गाणं ऐकताना दाखवणारं दुसरं काही आमच्याकडे नाही.

तर, हुतात्मामधल्या त्या गृहस्थांकडे परत येते. मध्यंतरात मी त्यांना गाठलं आणि निर्लज्जपणे व्हिडिओ मागितला. त्यांनीही आनंदानं पाठवला. रात्री तो टीव्हीवर लावला. गायिकेचा आवाज लांबून, विहिरीतून यावा तसा. तंबोरेवाली नाहीच. हलणारं चित्र, कुणाचं तरी टक्कल, आणि तिसऱ्या मिनिटाला गायिका ताना घेत समेकडे निघाली असताना स्पीकर फाटेल असा एक आवाज: "व्वाऽ!"

यजमानांनी दचकून माझ्याकडे बघितलं.

"बाई," अण्णा म्हणाले, "गाणं काय ऐकू आलं नाही. पर हे आलं बगा. कोन वो हे?"

मीच. दुसरं कोण? मोबाइल माझ्यापासून दोन हातांवर होता, स्टेजपासून तेरा रांगांवर. पण खरं दुःख आवाज मोठा आल्याचं नव्हतं. 'वा' समेच्या आधी पडलं होतं. चांगलं दोन मात्रा आधी.

"त्याचं काय आहे अण्णा," मी म्हटलं, "मोबाइलमध्ये आवाज आणि चित्र जुळत नाही कधी कधी. क्लॅप दिलेली नसते ना. सरकला असेल आवाज."

"मागं घ्या की."

मी मागे नेलं. अण्णांनी तळवा खोक्यावर ठेवला, डोळे तबलजीच्या हातावर लावले. गायिका निघाली. 'वा' झालं. तबलजीचा हात अजून वरच होता. मग तो खाली आला, आणि त्याच क्षणी अण्णांनी तळव्याखालचं लाकूड एका बोटानं ठोकलं.

"ह्यो बरोबर हाय," ते म्हणाले, "ह्याचं काय सरकलं नाही."